सशासाठी घेतलेला चाकू

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही: आमच्या खळ्यातल्या झोपडीत सापडलेला तो चाकू माझा होता. ससा सोलायला म्हणून मीच तो धुळ्याहून पारखून आणला होता.

आमचं घर माळकरी. सोनगीरजवळच्या गावात माय, थोरला भाऊ, वहिनी, सगळ्यांच्या गळ्यात तुळशीची माळ. मी नोकरीपायी जळगावला, पण माळ माझ्याही गळ्यात होतीच. हिवाळ्यात रजा काढून राखणीला शेतात राहिलो की आमची कुत्री हरभऱ्यातून एखादा ससा धरून आणायची, आणि मी तो खायचो. कायद्याने गुन्हा, घरात पाप. दोन्ही ठाऊक होतं. घरची विळी बाटवायची नाही, एवढाच काय तो माझा धर्म. म्हणून वेगळा चाकू.

धुळ्याच्या जुन्या बाजारात एक चाचा चाकू बनवून विकतात. त्यांनी विचारलं, "कसाले जोयजे, भाऊ?"

"पेरू कापायला."

त्यांनी माझ्या हातातलं पातं बघितलं. "एवढं टोक? तुमना पेरू पळी जास का?"

मी हसलो नाही. लांब पाती बाजूला सारली. सशाची कातडी कागदासारखी. लांब पातं हाताला आवरत नाही, पोटात शिरतं, आतडं फुटलं की मांस वाया. चार बोटांचं पातं हवं, टोक जरा वर उचललेलं. लाकडी मूठ नको, ती रक्त पिते. आणि पातं मुठीत जातं तिथे फट नको, केस अडकतात. मी नखाने फट चाचपून पाहिली. घर घेतानाही इतकी पारख केली नव्हती.

शेतात आमचा सालदार राहायचा, वर्षाच्या बोलीवरचा गडी. त्याने आदल्याच वर्षी माळ घातली होती. मी ससा सोलायला बसलो की तो पाठ फिरवायचा. "नाना, तुम्ही खा. माले दखाडू नका," म्हणायचा, आणि बैलांकडे जायचा. चाकू मी त्याच्याच झोपडीच्या वळचणीत खोचून ठेवायचो. त्याला विचारायची गरज मला वाटली नाही.

त्या पौषात खळ्यात भरीत पार्टी ठरली. भावकी आली, जळगावहून आम्ही गेलो. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजली गेली, आणि कांद्याची पात चिरायला निघाली तर विळी घरीच राहिलेली. "थांब, मी दखस," म्हणत भाऊच झोपडीत गेला. चाकू त्यानेच शोधला आणि मायच्या हातात त्यानेच दिला. मी वांगी सोलत होतो. तोंड उघडायला चांगला वेळ होता. मी वांगी सोलत राहिलो.

जेवणं झाली. भाऊ चाकू धुवायला बसला आणि पात्याच्या बुडाशी त्याला केस दिसला. करडा, आखूड. एवढी फट तपासून घेतली होती मी!

"हाऊ चाकू कोना शे?" भाऊ सालदारावर ओरडला.

"मना नही शे, भाऊ."

"मंग कोना? भूतना? तुनीच झोपडी ना ही?"

"त्यांच्यात चालतंच सगळं," कोणीतरी म्हणालं. "माळ घातली म्हणून जीभ थोडीच बदलते!" लोक हसले. भाऊने त्याच्या गळ्यातली माळ धरून ओढली. मणी भरीताच्या पातेल्याजवळ सांडले. सालदार माझ्याकडे बघत होता. नाव घेतलं नाही, बोट दाखवलं नाही. नुसता बघत होता.

मला संताप येतो तो या भावाचा. हाच भाऊ हायवेवरच्या ढाब्यावर माळ काढून गाडीच्या आरशाला टांगतो आणि कोंबडीची तंगडी फोडतो. मी शेजारी बसून खाल्लंय, मला काय सांगता! शुद्धता हवी ती गड्याच्या गळ्यात. आमच्या गळ्यात नुसती माळ पुरते. आणि त्या हसणाऱ्या भावकीतले निम्मे याच ढाब्यावर भेटतात. पण संतापायचा हक्क मला कुठून? ते खोटं बोलले नाहीत, त्यांना तसं वाटलं. खरं काय ते मला एकट्याला माहीत होतं.

त्याच संध्याकाळी त्याला काढलं. सालदाराचं साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुरू होतं आणि आखाजीला संपतं. मधेच काढलेल्या गड्याला कोणी दारात उभं करत नाही. त्यातून मायचं ताट बाटवल्याचा बोभाटा पंचक्रोशीत झालेला. बायको आणि बोचकं घेऊन तो गाव सोडून गेला. मायने उपास धरले. त्या दिवसापासून तिने भरीत तोंडात घातलेलं नाही.

मागच्या वर्षी जामनेरच्या बाजार समितीत तो मला दिसला. पाठीवर पोतं, गळ्यात नवी माळ. मी वळणार होतो, त्यानेच हाक मारली.

"नाना, माय कशी शे?"

"बरी शे."

"भरीत खास का आते?"

मी नाही म्हणालो. तो "अरेरे" म्हणाला आणि पोतं सावरत गेला. त्याला मायचं वाईट वाटलं. माझ्यावर तो चिडला असता तर मला घरी जाऊन झोप लागली असती.

त्याच खळ्यात, भाऊ, माय आणि सगळ्या भावकीदेखत, त्याला शेजारी उभं करून मला सांगायचं आहे की चाकू माझा होता. ते मी अजून सांगितलेलं नाही.