भिंतीवरची व्हर्नेटा

व्हर्नेटा हसायची ती अख्खी गल्ली गोळा करून. पुढच्या दोन दातांत चांगली रुंद फट, पण ती लपवायचा विचार तिच्या मनाला कधी शिवला नाही. पूर्व बाल्टिमोरमध्ये काळ्या ट्रान्स बाईनं पन्नाशी ओलांडावी हीच मुळात मिरवण्याची गोष्ट, आणि व्हर्नेटा ती मिरवायची. चर्चला जाणाऱ्या बायकांच्या रुंद काठाच्या टोप्या ती शिवायची. त्याच बायका रविवारी त्या टोप्या घालून तिच्यासमोरून मान वळवून जायच्या.

"वळवा गं, वळवा," ती पायरीवरून ओरडायची, "मागूनही टोपी झकास दिसते!"

इमानीला घरच्यांनी हाकललं तेव्हा व्हर्नेटानंच तिला ठेवून घेतलं. तीही ट्रान्स, कोवळी पोर, रंगांचं वेड. ती हिला 'मा' म्हणायला लागली आणि हिनं तिला खाऊपिऊ घालून मोठं केलं. तीच इमानी आता नावाजलेली चित्रकार झाली होती. एका कलामंडळानं तिला चित्र काढायला कोपऱ्यावरची भिंत दिली. विषय ठरला, काळ्या ट्रान्स बायकांचा आनंद. चित्र अर्थातच 'मा'चं. व्हर्नेटा केशरी टोपी घालून, हातात तळलेल्या माशाचं सँडविच धरून, पायरीवर पोट धरधरून हसली. इमानीनं फोटो काढले.

भिंतीवरचं कापड निघालं त्या सकाळी व्हर्नेटा नटूनथटून बघायला निघाली. भिंतीखाली मेणबत्त्या पेटल्या होत्या. फुगे होते, कापडी अस्वलं होती. नेहमी मान वळवणारी चर्चमधली सिस्टर युला हातात फुलं घेऊन हमसून हमसून रडत होती. व्हर्नेटाला पाहताच तिची बोबडी वळली.

"अगं बाई! तू... तू आहेस?"

"नसायला काय झालं?"

"मग ते...?"

व्हर्नेटानं वर पाहिलं. केशरी टोपी नव्हती, डोक्यामागे सोनेरी वलय होतं. खांद्यांना पंख होते. ओठ मिटलेले, डोळे आभाळाकडे. आमच्याकडे भिंतीवर असे पंख मेलेल्या माणसालाच काढतात, हे शेंबडं पोरही सांगेल. युलाची तरी काय चूक?

इमानी भिंतीला लावलेल्या मचाणाजवळ ब्रश धूत होती. व्हर्नेटा तिच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"माझे दात कुठे गेले गं?"

"मा, मंडळाचे लोक म्हणाले, हसरी बाई बघून कोण थांबणार? लोकांच्या काळजाला भिडलं पाहिजे."

"त्यांचं सोड. ते माझ्या हातचं जेवले नाहीत. फोटो तर आत्ता काढलेस, एवढ्या घाईत तू हे पंख कसे काढलेस?"

इमानी खाली बघत पुटपुटली, "घाईत नाही. ते चित्र तयारच होतं. आपल्यातल्या सगळ्यांचं मी काढून ठेवते. कुणी गेल्याची बातमी आली की रडत काढायला जमत नाही मला."

"माझं कधीपासूनचं?"

"तुझ्याकडे आले त्याच हिवाळ्यातलं."

व्हर्नेटा मचाणाच्या फळीवर बसली. वर्षानुवर्षं एका टेबलावर समोरासमोर जेवण. पानात वाढताना ही पोर डोळे भरून बघायची आणि व्हर्नेटा मनात सुखावायची, लेकीची माया म्हणून. मंडळानं फसवलं असतं तर चार शिव्या हासडून ती मोकळी झाली असती. पण हिनं तर घास घेता घेता तिला पुरलं होतं.

"मी रोज तुझ्यापुढे जिवंत बसत होते गं," ती म्हणाली. "तुला एकदाही दिसले नाही?"

इमानी रडायला लागली. "पुसते मी, मा. सगळं आत्ताच्या आत्ता पुसते." शिडी चढून चित्रातल्या मिटलेल्या ओठांवर तिनं पांढरा रंग फासला, केशरी डबा उघडला आणि शिडीवरून वळून पाहिलं. "मा, तुझ्याकडे बघूनच काढते. हस ना."

व्हर्नेटानं तोंड उघडलं. मनापासून प्रयत्न केला. गाल वर गेले, दातांतली फट दिसली, पण हसू काही आलं नाही.

इमानी ब्रश धरून थांबली होती.

"काढ," व्हर्नेटा म्हणाली. "जसं दिसतंय तसंच काढ."