पावसाच्या भांड्यावरचा पत्रा

आमच्या ह्यांना सगळं गाव मिलिमीटर म्हणतं. तोंडावर नाही, पाठीमागे. पण इतक्या मोठ्याने की ह्यांनाही ऐकू जावं. मग ओघानेच मी झाले मिलिमीटरवहिनी. लग्न ठरलं तेव्हा मला सांगितलं होतं, मुलगा हवामानाच्या कामावर आहे. मला वाटलं, आकाशाकडे बघून काहीतरी भारी सांगत असेल. कसलं काय! पाण्याच्या ऑफिसच्या अंगणात पाऊस मोजायचं एक भांडं बसवलेलं आहे. रोज सकाळी साडेआठला तिथे जायचं, भांड्यात साचलेलं पाणी काचेच्या मापात ओतायचं, वाकून रेषेला डोळा लावायचा आणि आकडा लिहायचा. पाऊस नसला की भांडं कोरडं आहे हे बघून यायचं. म्हणजे थंडीचे महिनेच्या महिने हा माणूस इस्त्रीचा शर्ट घालून शून्य लिहायला जातो. ताप असला तरी जातो. मी पहिल्या बाळंतपणाला दवाखान्यात ओरडत होते, तेव्हाही हे आधी शून्य लिहून मग आले.

ह्यांनी जन्मात कधी खोटं सांगितलं नाही, असं ह्यांची आई चारचौघांत अभिमानाने सांगायची. मी म्हणते, खरं तरी कधी आपणहून सांगितलंय का? विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायचं आणि मूग गिळून बसायचं. एकदा पाहुण्यांना घेऊन आम्ही तास-दीड तास बस थांब्यावर उभे होतो. मी वैतागून विचारलं, "अहो, बस येणार आहे की नाही?" तर म्हणाले, "नाही. आज बंद आहे." सकाळपासून ह्यांना माहीत होतं. कुणी विचारलं नव्हतं म्हणे!

तर गेल्या वर्षी ह्यांच्या ऑफिसात नवीन साहेब आला. त्याची गाडी उन्हात तापायची. गाडी तापली की साहेब तापायचा. म्हणून त्याने गाड्यांच्या शेडचा पत्रा पुढे वाढवून घेतला, पार अंगणाच्या मधोमधपर्यंत. पावसाचं भांडं त्या पत्र्याखाली आलं. वाचताय ना? पाऊस मोजायच्या भांड्यावर छप्पर! अहो, छत्री उघडून अंघोळ करण्यातला प्रकार. हे जाऊन सांगून आले, "साहेब, भांडं उघड्यावर लागतं." साहेब म्हणाला, "थंडीत कुठला आलाय पाऊस? पावसाळ्याच्या आधी हलवू." हे "बरं" म्हणून घरी आले आणि जेवायला बसले. मी म्हटलं, उद्या परत जाऊन सांगा, ओरडून सांगा. तर म्हणाले, "सांगितलंय मी एकदा." आणि दुसऱ्या दिवसापासून पत्र्याखाली वाकून शून्य लिहायला लागले.

आणि त्याच थंडीत पाऊस आला.

असा पाऊस मी तरी पाहिला नव्हता. दुपारी आभाळ काळं झालं आणि धो धो सुरू झालं ते थांबायचं नावच नाही. समोरचं घर दिसेना. रस्त्यावरून कुणाचं तरी प्लास्टिकचं टेबल वाहत गेलं, पाय वर करून. थंडीतल्या पावसाचा जुना विक्रम होता, हे नोकरीला लागायच्याही आधीचा. तो आकडा ह्यांना तोंडपाठ. आपल्याही हातून एकदा तरी असा पाऊस मोजला जावा, एवढं एकच स्वप्न ह्या माणसाने आयुष्यात पाहिलं. त्या दिवशी खिडकीत उभे राहून लहान मुलासारखे हात चोळत होते. "मोडतोय बघ! आज विक्रम मोडतोय!" आणि बोलता बोलता एकदम थांबले. चेहरा पांढराफटक.

"काय झालं?" मी विचारलं.

"पत्रा," हे म्हणाले.

"मग पळा ना! भांडं काढा बाहेर!"

"ते सिमेंटमध्ये बसवलंय. आणि मधेच हलवलं तर मोजणी बाद होते."

"मग गच्चीवर बादली तरी ठेवा!"

"बादली प्रमाणित नसते."

मी कपाळावर हात मारून घेतला. बादली प्रमाणित नसते!

दुसऱ्या दिवशी पाऊस उघडल्यावर हे गेले. पत्र्याच्या खिळ्यांच्या भोकांतून जे काय ठिबकलं, तेवढंच भांड्यात होतं. अकरा मिलिमीटर. ह्यांनी अकरा लिहिलं, वर कळवलं, घरी आले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

आता माझ्या भावाचं सांगते, कारण ह्या सगळ्यात भरडला गेला तो. माझा धाकटा भाऊ ह्यांच्याच ऑफिसच्या, नाल्याकाठच्या पंपघरात कामाला. खालच्या वस्तीत पाणी साचलं की पंप लावून ते नदीत सोडायचं, हे त्याचं काम. आई लवकर गेली, म्हणून त्याला मी मोठं केलंय. त्याच्यावर कुणी आवाज चढवला तर अजून माझं डोकं फिरतं. त्या पावसात पाणी इतक्या झपाट्याने चढलं की पंपच बुडाले. हा पठ्ठ्या छातीएवढ्या पाण्यात उभा राहून मोटर चालू करायला बघत होता. शॉक बसून फेकला गेला. नशिबाने वाचला. सकाळी माझ्या दारात आला तेव्हा तळहाताची कातडी जळालेली आणि दात वाजत होते. त्याला चहाचा कप धरता येईना, मी पाजला.

खालच्या वस्तीतली घरं बुडाली. गाद्या, फ्रीज, धान्य, पोरांची पुस्तकं, सगळ्याचा चिखल झाला. लोकांचा संताप मला कळतो. पण पेपरात प्रत्येक गावाचा पाऊस छापून आला आणि आमच्या गावापुढे अकरा! झालं. साहेबाच्या हातात आयतं कोलीत मिळालं. अकरा मिलिमीटरमध्ये वस्ती बुडते म्हणजे काय? पंपवाला झोपला असणार. आणि लोकांनी ते मानलं! ज्यांनी स्वतः गळ्याएवढ्या पाण्यातून म्हातारी माणसं बाहेर काढली, त्यांनीही मानलं. कारण पावसाला शिव्या देऊन काय मिळणार? पंपवाल्याला देता येतात. माझ्या भावाच्या दारावर चिखलाचे गोळे फेकले. भावजय दोन्ही पोरांना घेऊन आतल्या खोलीत बसून होती. पोरं शाळेत गेली तर तिथे त्यांना झोपाळूची पोरं म्हणाले.

भावाची चौकशी लागली. चौकशी करणार कोण? तोच साहेब. आणि साक्षीला कोण? आमचे हे.

आदल्या दिवशी जेवताना मी ह्यांचं ताट अडवून धरलं. म्हटलं, "उद्या पत्र्याचं सांगणार ना?"

"विचारलं तर सांगेन."

"आणि नाही विचारलं तर?"

"साक्षीत विचारलेल्याचंच उत्तर द्यायचं असतं."

"अहो, माझा भाऊ आहे तो! आपल्या लग्नात तुमचे बूट सांभाळत बसला होता तो! त्याची नोकरी जाईल, नाव जाईल. एक वाक्य. फक्त एक वाक्य बोला, मी जन्मात तुमच्याकडे काही मागणार नाही."

हे ताट आपल्याकडे ओढायला लागले. भीती होती हो, दुसरं काय! साहेबाची भीती, नोकरीची भीती, आणि तिला नाव दिलं नियमाचं. मी ताट सोडलं. ह्यांनी पूर्ण जेवण केलं, हे मला अजून आठवतं आणि अजून तळपायाची आग मस्तकात जाते.

चौकशीच्या खोलीबाहेर मी बाकावर बसले होते. दार अर्धवट उघडं होतं, सगळं ऐकू येत होतं.

"त्या दिवसाची नोंद काय?" साहेबाने विचारलं.

"अकरा मिलिमीटर."

"नोंद तुम्हीच घेतलीत?"

"हो."

"माप तपासलेलं आहे?"

"आहे."

"ठीक. जा तुम्ही."

आणि हे उठले! मी दार ढकलून आत घुसले. म्हटलं, "भांड्यावर पत्रा होता! ह्या साहेबांच्या गाडीचा पत्रा! विचारा ह्यांना!" साहेब शांतपणे म्हणाला, "बाई, तुम्ही त्याची बहीण आहात. तुमचं इथे चालत नाही." शिपायाने मला दंडाला धरून बाहेर काढलं. जाता जाता मी बघितलं, भाऊ माझ्याकडे बघतच नव्हता. तो ह्यांच्याकडे बघत होता. हे खाली फरशीकडे.

भावाला कामावरून काढलं. मी ह्यांच्याशी बोलणं टाकलं. ताट वाढायचे, पाणी ठेवायचे, पण तोंडाला कुलूप. माझ्यासारख्या बाईला गप्प बसायला काय कष्ट पडतात, ते मलाच ठाऊक.

पण खोट्याचाही कधी कधी स्वतःच्याच पायात पाय अडकतो. आजूबाजूच्या सगळ्या गावांत त्या दिवशी विक्रमी पाऊस नोंदला होता. मध्ये आमचं एकच गाव कोरडं राहिलं, असं कसं झालं? वरच्या ऑफिसातून विचारणा झाली. पेपरवाल्याने टिंगल केली, की पाऊस ह्या गावाला घाबरून वळसा घालून गेला. तेव्हा कुठे साहेबाला घाम फुटला. आणि एका संध्याकाळी स्वारी आमच्या घरी हजर. हातात मिठाईचा डबा.

"वहिनी, चहा टाका," म्हणाला. दंडाला धरून बाहेर काढलेली बाई आता वहिनी झाली.

ह्यांच्या जवळ खुर्ची सरकवून म्हणाला, "आकडा दुरुस्त करायचाय हो. शेजारच्या गावाचा आहे तोच आपला घालू. लिहिताना एक अंक राहून गेला, असं सांगायचं. विक्रम तुमच्या नावावर होईल. आयुष्यभर वाट बघितलीत ना?"

मी चहा गाळायचा सोडून दारात येऊन उभी राहिले. ह्यांचं जुनं स्वप्न कुणीतरी ताटात वाढून आणलं होतं. हे मिठाईच्या डब्याकडे बघायला लागले. मला वाटलं, आता हेही करणार हा माणूस.

"शेजारच्या गावाचा पाऊस मी मोजलेला नाही," हे म्हणाले.

"अहो, कोण बघतंय!"

"माझ्याकडे अकराच आहेत. वर पत्रा होता, म्हणून अकरा. पत्रा तुम्ही टाकलात. मी हलवायला सांगितलं होतं, तुम्ही नाही म्हणालात. आणि त्या अकरावर तुम्ही माझ्या मेहुण्याची नोकरी घेतलीत. दुरुस्ती करायचीच तर मी हे सगळं लिहून वर पाठवतो. दुसरी कुठली दुरुस्ती माझ्या हातून होणार नाही."

एवढं लांब भाषण मी ह्यांच्या तोंडून लग्नातही ऐकलं नव्हतं. साहेब उठला, धमक्या दिल्या, बदलीचं बोलला. मी मिठाईचा डबा त्याच्या हातात परत कोंबला आणि म्हटलं, "गाडीला खाऊ घाला."

ह्यांनी खरंच लिहून पाठवलं. वरून माणसं आली, पत्रा बघून एकमेकांकडे बघत राहिली. पत्रा निघाला. साहेबाचं काय झालं? बदली झाली, दुसऱ्या गावी, म्हणे मोठा बंगला मिळाला. त्याच्यासारख्यांचं ह्याहून वाईट कधी होतच नाही. अकराचा आकडा रद्द झाला आणि आमच्या गावापुढे त्या दिवसाला 'नोंद नाही' असा शेरा पडला. सगळ्या मुलखाने विक्रम केला, आमच्याकडे नुसता शेरा. त्या संध्याकाळी हे जेवता जेवता रडले. "तेवढा एकच पाऊस होता गं," म्हणाले. मी ओरडले, "पावसासाठी रडताय? माझ्या भावासाठी रडलात का कधी?" ह्यांनी डोळे पुसले आणि ताट तसंच ठेवून उठले.

अकरा रद्द झाल्यावर भावावरचा आरोपही टिकला नाही. त्याला कामावर परत बोलावलं. मला वाटलं, चला, सुटलो एकदाचे. तो घरी आला तेव्हा मी आनंदाने दारातच त्याचा गाल ओढला. हे धडपडत उठले, स्वतःची खुर्ची त्याला दिली. आपणहून बोलायला लागले, "बरं झालं, फार बरं झालं. कधीपासून जायचं?"

"सोमवारपासून. पोरांचं पोट आहे, जावं तर लागणारच." तो बसला नाही. मग माझ्याकडे वळला. "ताई, मी तुझ्याकडे येत जाईन. पण दाजी घरी नसताना."

"असं काय करतोस!" मी म्हटलं. "त्यांनीच तर शेवटी लिहून पाठवलं."

"हो. माहीत आहे मला." मग तो ह्यांच्याकडे बघून बोलला, आवाज जरासुद्धा न चढवता. "ज्यांनी माझ्या दारावर चिखल फेकला ना दाजी, त्यांना माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत होतं."

ह्यांचा हात खुर्चीच्या पाठीवर तसाच राहिला. हे माझ्याकडे बघायला लागले. मी काहीतरी बोलेन, सांभाळून घेईन, ह्या घरात बोलायचं काम माझंच आहे म्हणून. पण ह्यांच्या बाजूने बोलायला माझ्याकडे एक शब्द नव्हता. मी चपला घातल्या आणि भावाला सोडायला त्याच्याबरोबर चालत गेले.