कोकरांची दवा

हिंगोलीत हळदीच्या बाजारामागच्या गल्लीत आमच्या दोन खोल्या होत्या. दारावर पाटी होती, ‘आरोग्य सल्ला केंद्र’. कोणाचं आरोग्य, ते मुद्दामच लिहिलं नव्हतं. बायकी पुरुषांचा आणि हिजड्यांचा दवाखाना असं लिहिलं असतं, तर पहिल्याच दिवशी काचा फुटल्या असत्या. त्या पाटीपायी गुडघे दुखणारे म्हातारे शेतकरीसुद्धा आत शिरायचे. मावशी त्यांनाही माघारी पाठवायची नाही. पदर खोचून त्यांचे गुडघे तेलानं चोळायची आणि वरून दम द्यायची, “आता बांधावर उकिडवं बसू नको, बाबा.” मावशी म्हणजे आमच्या केंद्राची धनीण. गाव तिला हिजडा म्हणायचं, आम्ही मावशी म्हणायचो.

मी बायकांचे ब्लाउज शिवणारा शिंपी. माझं तोंड फाटकं आहे, हे आधीच सांगून ठेवतो. लग्न केलं नाही. काहून केलं नाही, असं कोणी विचारलं की मी म्हणायचो, “तुमची पोरगी देता का? मग करतो.” मग विचारणारा आपली वाट धरायचा.

नव्वदच्या दशकात आमच्यातल्या कोणाला काही झालं, तर जावं कुठं? डॉक्टरकडे गेलं की आधी कंपाउंडर हसायचा, मग डॉक्टर. स्टेशनाजवळ केळीचा गाडा लावणारा आमचा एकजण नाजूक जागेची जखम घेऊन गेला, तर सगळ्या पेशंटांदेखत त्याला विचारलं, “तू बाई का बुवा रे?” तो पुन्हा कोणत्याच दवाखान्याची पायरी चढला नाही. गाड्यावरच वाळत गेला. त्याला उचलायला त्याच्या घरचं कोणी आलं नाही, मावशी होती आणि मी होतो. परत येताना मावशी म्हणाली, “आपलं एक ठिकान पायजे. तिथं आलेला मानूस होईल तवर मरू द्यायचा न्हाई. आन् मेलाच, तर एकटा मरू द्यायचा न्हाई.” पुढं मोठ्या शहरातल्या एका संस्थेला एड्सच्या कामासाठी माणसं पाहिजे होती, त्यांनी खोल्यांचं भाडं दिलं आणि भिंतीवर उद्देशांचे तक्ते लावले. छान रंगीत तक्ते होते. पण आमचा उद्देश मावशीनं सांगितला तेवढाच होता.

रक्त तपासायला सोबत जायचं, सरकारी दवाखान्यात रांगेत उभं राहायचं, निरोध वाटायचे, ही आमची कामं. आतल्या खोलीत मात्र एक मोठा आरसा होता. बाजाराच्या दिवशी खेड्यापाड्यांतून आलेले चांगले मिशीवाले गडी तिथं येऊन टिकली लावून बसायचे, चहा प्यायचे, एकमेकींना “अगं भवाने” म्हणून टोमणे मारायचे आणि तोंड धुऊन आपापल्या गावाकडे जायचे. तेवढ्यासाठी माणसं कुठून कुठून यायची!

तो तिथंच भेटला. औंढ्याकडच्या मेंढरंवाल्या घरातला, उंच, खांद्यावर घोंगडी. पहिल्या दिवशी आरशासमोर उभा राहिला आणि बराच वेळ नुसता बघतच राहिला. मी म्हणालो, “बघ बघ, आरशाला भाडं न्हाई लागत.” तो लाजला आणि मला ‘अक्का’ म्हणाला. त्या दिवसापासून मी त्याची अक्का. बाप लहानपणीच गेलेला, घरी माय आणि मेंढरं. मायवर त्याचा फार जीव. बोलताना दर वाक्याला माय यायची. मी चिडवायचो, “अगं, तू मायशीच लगीन लाव आता.”

त्याच्या रक्तात आजार निघाला, तेव्हा सरकारनं गोळ्या फुकट द्यायला नुकतीच सुरुवात केली होती. नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात त्या मिळायच्या. डॉक्टरीण बाईनं त्याला बजावलं, रोज घे, चुकवू नको, चुकली की आजार उलटतो. त्यानं मान हलवली. पण मेंढरंवाल्याचं घर एका जागी थोडंच असतं! दिवाळी झाली की कळप निघाला. घोड्यावर संसार लादायचा, रोज वेगळ्या वावरात वाघर लावायची, म्हणजे जाळीच्या कुंपणात मेंढरं बसवायची. वावराला खत मिळतं, मेंढरंवाल्याला दाणे मिळतात. पाऊस लागेस्तोवर असंच. तो नांदेडला कसा जाणार? मग गोळ्या मी आणायचो आणि कळप असेल तिथं पोचवायचो. एसटीनं जायचं, फाट्यावर उतरायचं, चहाच्या टपरीवर विचारायचं, “मेंढरं कोनाच्या रानात बसली हायेत?” त्या भागात मेंढरं लपत नाहीत. कोणीतरी हात करून दाखवायचंच.

आता महिन्याच्या महिन्याला एक परका माणूस डबी घेऊन वाड्यावर येतो म्हटल्यावर माय विचारणारच. वाडा म्हणजे त्यांचा रानातला मुक्काम. त्यानं मायला सांगून टाकलं, हे ढोरांच्या दवाखान्यातले भाऊ आहेत, मेंढरांच्या जंताच्या गोळ्या आणतात. मी त्याला बाजूला घेऊन झापलं, “मेल्या, ताकदीच्या गोळ्या म्हन की!”

“न्हाई गं अक्का. ताकदीच्या म्हनलं तर माय भावकीतल्या सगळ्या लेकरायला वाटंल. तुला तिचा सोभाव म्हाईत न्हाई. मेंढराच्या म्हनलं की कोनी तोंडात घालनार न्हाई.”

त्याचं म्हणणं बराबर होतं. लेकरांच्या पोटात त्या गोळ्या गेल्या असत्या तर अनर्थ झाला असता. आणि खरं सांगायचं तर काय सांगायचं? कशाचा आजार, कुठून आला, कोणाकडून आला? झाकली मूठ सव्वा लाखाची. डबी मेंढरांच्या औषधांच्या पिशवीत राहिली. तो सकाळी कळपामागं जायचा आणि रानात एकटा असताना गोळी घ्यायचा. अंगावर मांस आलं, चेहरा भरला. मावशी त्याची अलाबला घ्यायची.

त्या साली उन्हाळ्याच्या तोंडाला कळप कयाधूच्या काठानं सरकत असताना कोकरांना हगवण लागली. हे मला फार नंतर कळलं. मला कळलं ते एवढंच, की ठरल्या गावी गेलो तर वावर रिकामं. रोगट मेंढरं कोणी आपल्या रानात बसू देत नाही, म्हणून ते घाईनं निघून गेले होते. पुढच्या खेपेला पैनगंगेपलीकडे, विदर्भात शोधून आलो. टपरीवाले हात करायचे, मी तिकडं जायचो, तो कळप दुसऱ्याच कोणाचा निघायचा. पिशवीत डबी, डोक्यावर ऊन, आणि मी एकेका मेंढराला शिव्या घालत फिरून राहिलो होतो. मावशी म्हणायची, “येईल गं. त्याच्याकडं थोड्या शिल्लक असतील.” मलाही तसंच वाटायचं.

पाऊस लागल्यावर कळप औंढ्याकडे परतला आणि तो केंद्रात आला. आला कसला, दाराला धरून उभा राहिला. घोंगडीच्या आत माणूस उरला नव्हता. खोकून खोकून आवाज बसलेला. मावशीनं त्याला आतल्या खोलीत निजवलं, आरशावर चादर टाकली आणि डोकं मांडीवर घेतलं.

मी भडकलो. माझं तसंच आहे, रडू आलं की मी ओरडतो. “गोळ्या कुठं गेल्या? काहून बंद केल्या? मजा वाटली का तुला?”

“कोकरायला पाजल्या,” तो म्हणाला.

मला आधी कळलंच नाही. मग त्यानं थांबत थांबत सांगितलं. कोकरं पटापट मरून राहिली होती. तो पाणी घेऊन आला तेव्हा माय दगडावर गोळ्या कुटत होती, गुळाच्या पाण्यात कालवत होती. सगळी डबी. मायनं हाक मारली, ये रे, तोंड धर. आणि त्यानं धरलं. एकेका कोकराचं तोंड त्यानं उघडून धरलं आणि मायनं पाजलं.

“आरं, एक शब्द बोलायचा व्हता! ‘माझ्या हायेत’ येवढं तर म्हनायचं!”

“माझ्या म्हनलं असतं तर तिनं इचारलं असतं ना अक्का, कशाच्या?” तो म्हणाला. “मला वाटलं, तू येशील. तू येतच असतीस.”

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो काय असतो ते मी त्या दिवशी पाहिलं. मावशी त्याच्या केसांतून हात फिरवत राहिली. त्यानं माझा हात धरला. “मायला कधी कळू देऊ नको. माझं काय व्हतं ते नको, आन् त्या गोळ्या माझ्या व्हत्या, हे तर अजाबात नको. ती जगनार न्हाई.” मी कबूल झालो. नांदेडला नेलं, डॉक्टरीण बाईनं प्रयत्न केले, पण टीबी फार पसरला होता. मायला मी टीबी एवढंच सांगितलं; ती येऊन त्याला गावाकडे घेऊन गेली. श्रावणात तो गेला. मायच्या मांडीवर गेला, हे ऐकून मावशी म्हणाली, “एकटा तर न्हाई गेला,” आणि मग दिवसभर तिनं तोंडात पाणी घेतलं नाही.

दहाव्यानंतर आम्ही दोघं निघालो. मावशी औंढ्याच्या स्टँडवरच थांबली. ती वाड्यावर आली असती तर सगळ्या गावानं त्याच्याबद्दल बोट दाखवलं असतं. ज्याला तिनं मांडीवर घेतलं, त्याच्या दारात जायची तिला चोरी. दुकानांच्या ओळीपाशी ती पदर तोंडाला लावून बसली होती, येणारेजाणारे हसत होते. कोणाकोणाची थोबाडं फोडावीत!

मी एकटाच गेलो. मायनं ओळखलं. “दवावाले भाऊ आले,” म्हणून घोंगडी टाकली, पाणी दिलं. तिनं रडून घेतलं, मीही रडलो, कोणी नवल केलं नाही. मग ती उठली, वाघरीतून एक चांगलं बाळसं धरलेलं कोकरू उचललं आणि माझ्या मांडीवर ठेवलं.

“न्या. तुमच्या गोळ्यांवर जगलं हे. समदी मरून राहिली व्हती, ही चार-दोन वाचली ती तुमच्या पुण्याईनं.”

मी नको नको म्हणालो. कोकरू माझ्या सदऱ्याची गुंडी चोखायला लागलं. माय समोर बसली, माझ्याकडे बघत राहिली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

“एक इचारू का, भाऊ? मुक्या जनावरासाठी तुमी येवढ्या लांब दवा घेऊन यायचे. माझं लेकरू तुमच्याम्होरं वाळत गेलं. त्याच्यासाठी एकांदी गोळी काहून न्हाई आनली?”

“मिळाली न्हाई, माय,” मी म्हणालो.