जोडीतून सुटलेली बुरशी

काळ्या मसाल्यात पडतं ते दगडफूल म्हणजे फूल नव्हे, आणि एकटा जीवही नव्हे. ती बुरशी आणि शैवालाची सोयरीक. शैवाल उन्हावर अन्न बनवतं, बुरशी त्याला घर देते. मी परभणीच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते, आणि या दोघांचा काडीमोड घडवणं हा माझा उद्योग. येलदरीकडच्या खडकांवरून दगडफुलाची भावंडं खरवडून आणायची आणि त्यातली बुरशी काचेच्या बशीत एकटी वाढवायची. ती जगते, पण फार सावकाश वाढते आणि तिला आकार म्हणून उरत नाही. नुसता गोळा.

वर्गात मी सांगायचे, लाखो वर्षांच्या संसारात जे काम जोडीदार करतो, त्याची जनुकं काही बुरश्या गमावून बसतात. मग एकटं पडल्यावर ती परत आणायची कुठून? पोरं हसायची. मलाही सांगताना मजा यायची.

आई गेली आणि सेलूहून अण्णांना, माझ्या वडिलांना, मी माझ्याकडे आणलं. घरात आम्ही दोघंच. आईनं जन्मात त्यांचं नाव घेतलं नाही. "अवो, उठा, हात धुवा," एवढीच तिची हाक, आणि अण्णा जेवायला उठायचे. त्यांना भूक लागली हे त्यांच्याआधी तिला कळायचं. आता मी "अण्णा, जेवायला चला" म्हटलं की ते "आलो" म्हणायचे आणि बसल्या जागी बसून राहायचे. डॉक्टरांना काही सापडेना. सदरा अंगावर लोंबायला लागला. हे असेच संपतील, या भीतीनं माझा जीव अर्धा झाला. काही बुरश्यांची घराणी या सोयरिकीतून बाहेर पडून एकटी जगायला शिकली, हे मला ठाऊक होतं. पण त्याला अगणित पिढ्या लागल्या. तेवढी सवड अण्णांकडे कुठली?

एका दुपारी वाढलेलं ताट निवून गेलं. मी रडकुंडीला आले आणि स्वयंपाकघरातून आईच्याच सुरात ओरडले, "अवो, उठा, हात धुवा." लेकीनं बापाला अशी हाक मारायची नसते. अण्णा उठले. हात धुऊन आले, दोन भाकरी खाल्ल्या. मग ताटाकडे बघत म्हणाले, "मला ठाव हाय, तू हायस ते. तरीबी हाक मारत जा."

तेव्हापासून दोन्ही वेळा मारते. अण्णांनी बाळसं धरलं म्हणा ना.

परवा मला कॉलेजातून यायला उशीर झाला. धावतपळत घरात शिरले, तर अण्णा ओल्या हातांनी पाटावर बसलेले. मला एवढा आनंद झाला की डोळे भरून आले.

"अण्णा, आज आपली आपण भूक लागली?"

"न्हाई," ते म्हणाले. "हाक आली की आत्ता."