तांदळात लिहिलेलं नाव

वकिलातीचं पत्र नागपूरच्या माझ्या खोलीवर आलं, तेव्हा बायको बाळंतपणासाठी हॉलंडला तिच्या आईकडे गेली होती. मी तिचा नवरा म्हणून तिकडे कायम राहण्याच्या परवान्याचा अर्ज करायचा आणि परवाना मिळाला की मूल जन्मायच्या आधी पोहोचायचं, असं आमचं ठरलं होतं आणि त्याप्रमाणे मी अर्ज केलाही होता. पत्र अगदी थोडक्यात होतं. विवाहाच्या दाखल्यावर पत्नी म्हणून जिचं नाव आहे ती आमची नागरिक नाही. ही स्त्री कोण, याचा खुलासा महिनाअखेरपर्यंत करावा. न केल्यास अर्ज नामंजूर समजावा.

मी दाखल्याची नक्कल काढून पुन्हा वाचली आणि मला तीत काहीच चूक दिसली नाही. चूक कळायला मला बराच वेळ लागला.

आमचं लग्न माझ्या गावी, करडीला, घरासमोरच्या मांडवात झालं होतं. ती आमच्याकडच्या जुन्या तलावांचा अभ्यास करायला आली होती आणि पाटबंधारे खात्याकडून मोजणीसाठी मला तिच्याबरोबर दिलं होतं. लग्न ठरल्यावर भाऊबंदांनी पंगतीला बसायचं नाही असं ठरवलं. वडील हयात नव्हते. आईने एकटीने सगळ्यांना तोंड दिलं. लग्नाच्या दिवशी तिने आमच्याच बांधीतल्या धानाचे तांदूळ परातीत पसरले आणि सुनेचं नवीन नाव माझ्या कानात सांगितलं. मी अंगठीने ते तांदळात लिहिलं. आईने साखर वाटली. परातीत नाव पडलं म्हणजे सून घरची झाली. मग ती कुठल्या देशाची, हा प्रश्न राहत नाही. भाऊबंद कुरकुरत का होईना, पानावर बसले.

त्यानंतर गावात तिला सगळे त्याच नावाने हाक मारू लागले आणि तीही ओ देऊ लागली. पुढे ग्रामसेवक विवाहाची नोंद करायला घरी आला. त्याने विचारलं, "सुनेचं नाव?" आईने सांगितलं. मी शेजारी बसून चहा पीत होतो. पासपोर्टवर अजून जुनंच नाव आहे हे त्या घरात तिच्याशिवाय फक्त मला माहीत होतं. पण लग्न झालेल्या बाईचं माहेरचं नाव कुणी सांगतं का? माझ्या मनातही आलं नाही.

आता वकिलातीच्या हिशोबाने मला गावात एक बायको होती आणि हॉलंडमध्ये दुसरी.

आईला घेऊन मी मोहाडीला तहसीलमध्ये गेलो. बाहेर झाडाखाली टाइपरायटर घेऊन बसणाऱ्या अर्जनवीसाने सगळं ऐकून घेतलं आणि पान थुंकून म्हणाला, "इथं लोकायले एक भेटून नाही राहिली, अन् तुमाले सरकारनं दोन देल्या."

मी हसलो नाही. विचारलं, "दोन्ही नावं एकीचीच आहेत, एवढंच लिहून देता येईल का?"

"लिहून देतो ना. पन मानतीन कोन? त्याले बाई स्वतः इथं पाहिजे, तिची सही पाहिजे, मंग नाव बदलल्याचं गॅझेटात छापा. बाई कुठं आहे?"

"हॉलंडला."

"झालं मंग! चार-सहा महिने धरून चाला."

"दुसरा रस्ता?"

"नोंद कोनं सांगितली होती? मायनं ना? मंग मायनं लिहून द्याचं, का नाव चुकीनं सांगितल्या गेलं, असं नाव घरात कोनाचंच नाही. अंगठा केला का आजच दाखला दुरुस्त."

तहसीलदार साहेब दुपारून दौऱ्यावर जाणार होते. जीप पायऱ्यांपाशीच उभी होती. मी म्हटलं, "टाइप करा."

कागद तयार झाल्यावर त्याने तो वाचून दाखवला. आईने पदर सावरला आणि माझ्याकडे पाहिलं.

"चुकीनं कायले? म्या समजून सांगतलं."

"माय, हे नुसतं कागदापुरतं आहे."

"कागदापुरतं कसं? तुह्या काकायनं हा कागद पाह्यला त काय म्हनतीन? नाव खोटं, त सून बी खोटी."

"काकांना कोण दाखवणार आहे!"

"अन् असं नाव घरात कोनाचंच नाही म्हनून राहिला हा भाऊ. माहं होतं ना!"

अर्जनवीसाने हातातला कागद खाली ठेवला. मला काही कळेना. आई सांगू लागली ते त्याला. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. "माह्या मायनं ठेवलं होतं. करडीले आली त सासूनं परातीत दुसरं काढलं. मंग त्या नावानं हाक मारनारं कोनी राह्यलंच नाही. ह्या पोरीचं आपलं कोनी नाही गावात, म्हनून तिले देल्लं."

आईचं माहेरचं नाव मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

तिथे थांबता आलं असतं. पण ड्रायव्हर जीप पुसत होता, आणि परवाना हुकला तर तिकडे मूल जन्मेल आणि मी नागपूरच्या खोलीत बसून असेन, एवढंच मला दिसत होतं. मी लोकांच्या देखत आवाज चढवला. "तुझ्या नावापायी माझं लेकरू बापाशिवाय राहू दे का? सांग, राहू दे?"

तहसीलच्या रांगेतली माणसं वळून पाहू लागली. आई उठली आणि माझ्यापुढे चालत आत गेली.

साहेबांनी कागद वाचला. "बाई, नाव सांगताना तुमची चूक झाली, हे मान्य आहे?"

"हो साहेब, झाली चूक," आई म्हणाली. तिच्या आवाजात काहीच नव्हतं. कारकुनाने तिचा अंगठा शाईच्या गादीवर दाबला आणि कागदावर टेकवला. बाहेर आल्यावर ती पायरीच्या दगडावर अंगठा घासत राहिली. मी रुमाल पुढे केला. तिने घेतला नाही.

दुरुस्त दाखला पाहून वकिलातीने खुलासा मानला. परवाना आला तेव्हा बाळंतपणाला थोडे दिवस बाकी होते. मी वेळेवर पोहोचणार होतो. जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं.

मोहाडीच्या स्टँडवर आई सोडायला आली. मी नागपूरच्या गाडीत खिडकीशी बसलो, तेव्हा तिने खालून कापडाची पिशवी वर दिली.

"डिंकाचे लाडू आहेत. तुह्या बायकोले सांगजो, सकाळी एक खात जा म्हना."

माझी बायको. लग्न झाल्यापासून आईने तिला असं कधी म्हटलं नव्हतं, नेहमी परातीतलं नावच घेतलं होतं. ते नाव मी स्वतः घ्यावं, निदान एकदा आईसमोर घ्यावं, असं वाटलं. तोंड उघडलंही. पण मी कुणाला हाक मारतोय, बायकोला की आईलाच, हे मला ठरवता येईना. तेवढ्यात कंडक्टरने घंटी मारली आणि आई गाडीपासून मागे सरली.