चहा झाला की सुरू होणारी गाडी

पुण्यातून निघताना माझ्या लाल गाडीने अगदी शहाण्या मुलीचा आव आणला. किल्ली फिरवली आणि पहिल्याच झटक्यात झाली सुरू. चिरंजीव गॅलरीत हाताची घडी घालून उभे होते. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईने पंचवीस वर्षं जुनी, दोन सीटांची, टप उघडणारी स्पोर्ट्स कार घेणं हा त्यांच्या मते वेडेपणा, आणि ती घेऊन एकटीने वऱ्हाडात जाणं हा त्यावरचा कळस. मी हात केला आणि सुटले.

गाडीत खोड एकच. लहर लागली की सुरू होत नसे. किल्ली फिरवावी तर पुढून नुसतं ‘टक्’. दिवे लागायचे, हॉर्न वाजायचा, इंजिन मात्र ढिम्म. आणि मग केव्हातरी आपली आपण सुरू. पुण्यात बॅटरी बदलून झाली, स्टार्टर उतरवून साफ करून झाला, खोड जशीच्या तशी.

एरवी मी दुर्लक्ष केलं असतं. पण या वेळी तेल्हाऱ्याला माझी थोरली बहीण वाट बघत होती. ताईचं सासर शेतकऱ्यांचं, खटलं मोठं. लग्नाच्या बेचाळीस वर्षांत ती सेमाडोहच्या जंगलात तीनदा जाऊन आली, तिन्ही वेळा चौदा माणसं आणि त्यांचं जेवण बरोबर घेऊन. “जंगल कुठं पाह्यलं मी? डबेच पाह्यले,” असं ती फोनवर म्हणाली होती. आणि मग, “तुह्या गाडीत दोनच जागा हायेत ना वो?” ताईने उभ्या जन्मात माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. म्हणून तर निघाले होते.

वाटेत मुक्काम करून दुसऱ्या दिवशी पातूरचा घाट उतरले आणि काळी जमीन सुरू झाली. दोन्हीकडे वेचणीला आलेला कापूस, मधूनमधून तुरीचे तास. टप उघडा, डिसेंबरचं ऊन, कापसाच्या गाड्यांवरून लोक माना वळवून बघतायत. मी फारच खुशीत होते. अकोल्यात पेट्रोल भरलं, किल्ली फिरवली. टक्.

पंपावरच्या दोघांनी गाडी ढकलत समोरच्या गॅरेजात नेली. मालक मोठा अगत्याचा माणूस. पुण्याहून बाई एकटी आली म्हटल्यावर बोनेटला हात लावायच्या आधी चहा आला, चहामागून कचोरी आली, कचोरीमागून त्यांच्या पुण्यातल्या भाच्याची चौकशी आली. अर्ध्या तासाने ते उठले, हात पुसले, किल्ली फिरवली, आणि गाडी सुरू! घरात भूत आहे म्हणणाऱ्या बाईकडे बघावं तसे ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, अमरावतीला एक ऑटो इलेक्ट्रिशियन आहे, त्यालाच दाखवा.

अमरावती माझं माहेरगाव. तेल्हारा एकीकडे आणि हे दुसरीकडे, पण ताईला घेऊन सेमाडोहचा घाट चढायचा तर गाडी धड हवी. मूर्तिजापूर, बडनेरा करत पोचले, त्याच्या दुकानासमोर गाडी बंद केली, मुद्दाम लगेच किल्ली फिरवली. टक्! इतका आनंद मला बोर्डाच्या निकालालाही झाला नव्हता. आता सापडलीस, म्हटलं. पण दुकानामागेच त्याचं घर. त्याच्या आईने बाहेर येऊन माहेर, आडनाव, गल्ली विचारली. माझी गल्ली तिच्या ओळखीची निघाली, झालं! गिला वडा (उडदाच्या डाळीचा, दह्यात भिजवलेला वडा) खाल्ल्याशिवाय सुटका नाही. खाऊन, पाणी पिऊन, आम्ही बाहेर आलो. गाडी पहिल्या किल्लीत सुरू. “मावशी, गाडी त फस्कलास हाये,” तो म्हणाला. मला रडावं की हसावं कळेना.

तिथून दर्यापूर, अकोट करत तेल्हाऱ्यापर्यंत मी इंजिन बंद केलंच नाही. भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, फाटकातच उभे होते. गाडीभोवती दोन चकरा मारल्या, बोनेटवरून हात फिरवला, कौतुक केलं. माझ्या पोटात राहीना, मी गाडीची सगळी हकीकत सांगून टाकली. हीच माझी चूक.

“घाटात बंद पडली त?” भाऊजी म्हणाले. “तिथं फोन लागत नाई. वाघाले काय सांगान? बिमारी सापडत नाई तोवर ताई तुमची कुठं जात नाई.”

ताई आत जाऊन रोडग्यांची (गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले कणकेचे गोळे) कणीक मळायला बसली. घरातली अकरा माणसं जेवून उठेपर्यंत ती वाढत होती. मला भाऊजींचा राग आला, गाडीचा आला, आणि सगळ्यात जास्त माझ्या लांब जिभेचा आला.

सकाळी गजूभाऊ आले. पंपाच्या जळालेल्या मोटारी वाइंडिंग करून (आतली तार नव्याने गुंडाळून) देणारा माणूस, भाऊजींची विहिरीवरची मोटार परत द्यायला आला होता. मला मावशी म्हणाले आणि गाडीची गोष्ट मन लावून ऐकली. आतापर्यंत सगळ्यांनी मला विचारलं होतं, बंद कशी पडते. गजूभाऊंनी विचारलं, बंद पडल्यावर सुरू होईपर्यंत मधल्या वेळात तुम्ही काय करता.

मी आठवून आठवून सांगितलं. चहा. कचोरी. गिला वडा.

“मंग चहानंच दुरुस्त होऊन राहिली ना मावशी,” ते म्हणाले. “गरम असते तवा कोणी पाहूनच नाई राहिलं.”

वऱ्हाडात पाहुण्याला चहा पाजल्याशिवाय कोणी कामाला हात लावत नाही, आणि तेवढ्यात माझी गाडी थंड होऊन निर्दोष सुटत होती! गजूभाऊंनी हुकूम सोडला: अकोटपर्यंत जायचं, परत फिरायचं, तडक त्यांच्या दुकानात यायचं, वाटेत कोणाचाही चहा घ्यायचा नाही. मी गेले. अकोटच्या चौकात ताईचे चुलतदीर हात करत रस्त्यात उतरले, मी मान हलवून तशीच पुढे. ताईची पुण्याची बहीण फार शिष्ट आहे, ही बातमी माझ्या आधी तेल्हाऱ्यात पोचली होती.

दुकानात पोचले तर गजूभाऊंची बायको चहाचा ट्रे घेऊन दारात. “ठेव तिकडं,” ते म्हणाले. पाहुण्याचा चहा कोणी बाजूला ठेवायला लावलेला मी त्या मुलखात पहिल्यांदाच पाहिला. ती बिचारी माझ्याकडे बघून ओशाळली. चहावर साय धरत होती आणि आम्ही दोघं बोनेटमध्ये वाकलो होतो.

किल्ली. टक्. गजूभाऊंनी मोठे दिवे लावायला सांगितले आणि पुन्हा किल्ली. टक् झालं, पण दिवे जराही मंद झाले नाहीत. म्हणजे बॅटरीत दम होता. मग त्यांनी पंपाची जाड केबल काढली, एक टोक बॅटरीच्या मायनसला धरलं, दुसरं थेट इंजिनच्या लोखंडावर, आणि मला खूण केली. गाडी गरजली.

“करंट जाऊन राहिला होता, वापस येऊन नाई राहिला होता,” गजूभाऊ म्हणाले. इंजिनला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारी तांब्याची एक पट्टी असते. तिच्या बोल्टाखाली हिरवट गंज चढला होता. इंजिन तापलं की पट्टी पकड सोडायची, निवलं की धरायची. त्यांनी गंज खरवडला, त्याच केबलचा तुकडा कापून नवी जोडणी केली, गाडी तीनदा तापवून तीनदा सुरू करून दाखवली. पंप असो की गाडी, आधी अर्थिंग, म्हणजे करंटची परतीची वाट, बघायचं, हे एवढंच त्यांचं शास्त्र. मग चहा परत गरम झाला.

भाऊजींनी स्वतः किल्ली फिरवून पाहिली आणि जा म्हणाले. दुसऱ्या दिवशी पहाट सरताच निघालो. ताईने डबा घेतला नाही. सूनबाईने नातवाला मांडीवर घ्या ना, असं सुचवून पाहिलं, तेव्हा ताई पर्स सांभाळत गाडीत बसली आणि तिने दार ओढून घेतलं. परतवाड्याला संत्री घेतली. घाटात सागाची वाळकी पानं गाडीत येऊन पडत होती, ताई ती उचलून मांडीवर जमवत होती. मी पुण्याच्या सवयीने बडबडत होते, ती हूं हूं करत होती.

सेमाडोहला गावाच्या कडेला, सिपना नदी दिसेल अशा जागी मी इंजिन बंद केलं. ताई पाण्याकडे बघत राहिली. पलीकडच्या काठावर एक माणूस गुरांना पाणी पाजत होता. माझं चित्त काही नदीत नव्हतं. इंजिन चांगलंच तापलेलं, खरी परीक्षा आत्ताच. पाच मिनिटं कशीबशी काढली आणि फिरवली किल्ली. झाली सुरू! मी विजयी मुद्रेने ताईकडे पाहिलं.

ताईचा चेहरा उतरला होता.

“इतक्या लौकर काहून चालू केली वो?” ती म्हणाली. “बंद पडली असती त बरं झालं असतं. घरी सांगाले काहीतरी झालं असतं.”

मला माझीच लाज वाटली. तीन दिवस मी गाडीच्या मागे धावत होते आणि ताईला काय हवंय ते गाडी सोडून कुठे शोधलंच नव्हतं. मी किल्ली काढली. मग आम्ही दोन तास तिथेच बसलो, संत्री सोलून खाल्ली, आईबद्दल बोललो. एकदा ताई बसल्या बसल्या झोपली.

दिवेलागणीला तेल्हाऱ्यात शिरलो तर भाऊजी फाटकात. बंद पडली होती ना, त्यांनी विचारलं. मी गजूभाऊंच्या बाजूने तोंड उघडणार तोच ताई गाडीतून उतरत म्हणाली, “हो. दोन घंटे.” आणि साडी झटकून सरळ स्वयंपाकघरात गेली. म्या म्हटलंच होतं, म्हणत भाऊजी समाधानाने आत वळले. गजूभाऊंना मात्र मी फोन करून खरं काय ते सांगून टाकलं. त्यांच्या कामाला बट्टा लागलेला मला चालणार नव्हता. ते बराच वेळ हसले.

पुण्यात परतून आता दोन महिने झाले. गाडी गरम असो, गार असो, एका किल्लीत सुरू होते, चिरंजीवही तिला आता नावं ठेवत नाहीत. दूर जाऊन आलं की आपण काय पाहिलं याची यादी लोक विचारतात. मी सेमाडोहला जाऊन वाघ पाहिला नाही, मोरही पाहिला नाही. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा माझी बहीण दुपारी रिकाम्या हातांनी बसलेली पाहिली.

काल तिचा फोन आला. तूर निघाली, नातू पडला, इकडचं तिकडचं झालं, आणि शेवटी आवाज खाली आणून तिने विचारलं, “थे गाडी अजून बंद पडते ना वो?”

“पडते ना ताई,” मी म्हटलं. “हमखास पडते.”