जुना दाखव आधी

हसनभाई गेले तेव्हा नारपोलीच्या नाक्यावरच्या त्यांच्या दुकानात गाड्यांच्या स्पेअर पार्टची तेराशे खोकी होती, आणि त्यांतल्या एकावरचंही इंग्रजी त्यांच्या बायकोला, जुबैदाला, वाचता येत नव्हतं. साल शहाऐंशी. दिरानं दुकान विकून टाकण्याचा सल्ला दिला. येताना घेणाराही सोबतच आणला होता, तेव्हा सल्ला किती निःस्वार्थी होता ते समजून घ्यावं. जुबैदानं दोघांना चहा पाजून वाटेला लावलं. नवरा गेल्यावर पाळायची चार महिने दहा दिवसांची इद्दत संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी ती कुलूप उघडून गल्ल्यावर जाऊन बसली.

आता इंग्रजी येत नाही हे गिऱ्हाइकाला कशाला कळू द्यायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची. कुणी म्हणालं, "भाभी, अँबेसेडरचा फॅनबेल्ट द्या," की ती हात पुढे करायची आणि म्हणायची, "जुना दाखव आधी." तुटका बेल्ट, झिजलेली बेअरिंग, ग्रीसनं बरबटलेली रबरं, जे काही येईल ते ती अंगठ्यानं चाचपायची, फळीवरच्या मालाला लावून बघायची आणि जुळलं तरच द्यायची. तीन-चार वर्षांत तिच्या बोटांना असं वळण लागलं की अर्ध्या सुताचा फरक तिला डोळे मिटून कळायचा. दुपारी जेवायच्या आधी हातांचं काळं घालवायला साबणाची अर्धी वडी खर्ची पडायची.

गंमत अशी, की जी तिची अडचण तीच लोकांना तिची हुशारी वाटू लागली. कारण भिवंडीतल्या गाड्या कागदावर एक आणि पोटात भलत्याच. इंजिन एकीचं, गिअरबॉक्स दुसरीचा. नंबर बघून दिलेला पार्ट त्यांना बसेलच असं नाही. जुबैदाभाभीनं दिलेला बसायचा. भाव मात्र बांधलेला. चार आणे सोडायची नाही. वर म्हणायची, "परत यावं लागलं तर रिक्षाचं भाडं माझं." ते भाडं द्यायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती.

मग चौऱ्याण्णव साली मानकोली नाक्यावर काचेच्या दाराचं नवं दुकान झालं आणि त्यावर फलक लागला: दसरा-दिवाळी महासेल, पंचवीस टक्के सूट. आठ-आठ वर्षांची गिऱ्हाइकं तिकडे वळली. समोरून गाडी नेताना मान दुसरीकडे फिरवू लागली. नव्या दुकानाची युक्ती काही फार खोल नव्हती. ऐंशी रुपयांच्या पार्टची किंमत यादीत आधी एकशे दहा छापायची आणि मग सूट द्यायची. एकशे दहातून पंचवीस टक्के गेले की साडेब्याऐंशी उरतात. माणसं अडीच रुपये जास्त देत होती आणि हसत बाहेर पडत होती. जुबैदाला राग आला, पण रागापेक्षा वाईट जास्त वाटलं. आपण आठ वर्षं खरा भाव सांगितला, तो कुणाच्याच लक्षात राहिला नाही का?

"अम्मी, आपणही सेल लावू," मुलगी म्हणाली. सालेहा बारावी झालेली, खोक्यांवरचं इंग्रजी धडाधड वाचणारी.

"भाव आधी फुगवायचा आणि मग कापायचा, हे माझ्याच्यानं होणार नाही."

"फुगवू नकोस. खरेच दहा टक्के सोड."

शंभराला सतरा-अठरा सुटत, त्यातले दहा गेले तर हाती काय राहणार? पण गिऱ्हाईकच नसेल तर सतरा तरी कुठून येणार? जुबैदानं दोन रात्री विचार केला आणि होय म्हणाली.

दसऱ्याला सकाळीच दारात रीघ लागली. पूजेआधी गाडी धडधाकट हवी, त्यात सूट. सालेहा गाडीचं नाव विचारी, नंबर वाची, खोकं काढी. जुबैदा पैसे घेई. सुरुवातीला तिनं सवयीनं दोघातिघांचा जुना माल मागितला. मागचे करवादले, "भाभी, सेलमध्ये पण जुना बघत बसणार काय?" दहा वाजल्यापासून तिनं मागणं सोडून दिलं.

अकराच्या सुमाराला दापोड्याच्या पाटलांच्या आळीतला चांगदेव आला. नाक्यावर प्रवासी जीप चालवायचा, जुबैदाचं अगदी पहिल्या वर्षापासूनचं गिऱ्हाईक. "मागच्या ब्रेकच्या सिलिंडरची रबरं द्या. दुपारी कार्ल्याला जातंय देवीला. घरचीच नऊ माणसा हायत."

सालेहानं जीपचा नंबर बघून पाकीट काढलं. चांगदेव शर्टाच्या खिशात हात घालून तसाच उभा राहिला.

"पैसे दे लवकर, मागे लोक खोळंबलेत," जुबैदा म्हणाली.

त्यानं तिच्याकडे जरा बघितलं, दुसऱ्या खिशातून पैसे काढले आणि गेला.

दीड वाजता गर्दी थोडी ओसरली. सालेहानं चहा मागवला. जुबैदा सवयीनं साबण घेऊन मोरीपाशी गेली, आणि हात पाण्याखाली धरून तशीच राहिली. हात स्वच्छ होते. ऐन दसऱ्याला, दुकान भरून माल विकल्यावर, बोटांना ग्रीसचा एक डाग नव्हता. म्हणजे आज आपण काय विकलं? कुणाला विकलं? बोटांना आठवू लागलं तसं तिला आठवलं, आणि चांगदेवपाशी येऊन ती थबकली.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या जीपला अपघात झाला होता. गॅरेजवाल्यानं मागचा एक्सल दुसऱ्याच गाडीचा बसवला. त्याची रबरं अर्धा सूत मोठी. तिनंच जुनं रबर हातात घेऊन जुळवून दिली होती. सालेहानं काढलेला नंबर जीपचा म्हणून अगदी बरोबर होता, फक्त त्या जीपचा नव्हता. लहान रबर सपाट रस्त्यावर कदाचित धरेलही. खंडाळ्याच्या घाटात, नऊ माणसांच्या ओझ्यानं, तेल सोडेल आणि ब्रेकवरचा पाय नुसता खाली जाईल.

तिनं मोठ्या रबरांचं पाकीट बटव्यात टाकलं. "सालेहा, शटर ओढ."

"अम्मी, दारात वीस माणसं आहेत."

"असू देत."

रिक्षात बसल्यावर तिला हसनभाईंची आठवण आली नाही, दुकानाची आली नाही. ती फक्त दुआ मागत होती, की या अल्लाह, त्याचं टायर पंक्चर होऊ दे. माणसाच्या भल्यासाठी असंही मागावं लागतं.

जीप अंगणातच होती. बॉनेटवर झेंडूची माळ, खाली जॅक, मागचं चाक काढून भिंतीला टेकवलेलं. नव्या लुगड्यात चांगदेवची आई राहीबाई ओट्यावर फुगून बसली होती. जुबैदा दिसताच म्हणाली, "ही आली बघ तुजी भाभी. हिच्या पायी आमचा वकत टलला."

"माझ्या पायी?" जुबैदाला धाप लागली होती.

चांगदेव हात पुसत पुढे आला. तिनं दिलेलं पाकीट जीपच्या सीटवर पडलं होतं, फोडलेलंसुद्धा नव्हतं.

"बसवलं नाहीस?"

"तुमी जुना मागितलाच न्हाय." तो जरा ओशाळला. "मी खिशात घेऊनशानी उभा व्हतो. मना वाटला, आता मागाल, मंग मागाल. गर्दी व्हती, मी काय बोललो न्हाय. पन भाभीनं बघितल्याबिगर ब्रेकला हात लावायचा न्हाय, आसा घरात सांगून ठेवला. गर्दी हटली का परत येनारच व्हतो."

त्यानं शर्टाच्या खिशातून कागदाची पुडी काढली. जुबैदानं जुनं रबर अंगठ्यावर फिरवलं, बटव्यातल्या नव्याला लावलं. जुळलं. तिचे डोळे भरून आले ते तिनं लपवले नाहीत.

"याला बी सूट हाय?" चांगदेवनं विचारलं.

"नाही. पुऱ्या भावाचं आहे."

"मंग बरा हाय," तो म्हणाला आणि आधीचं पाकीट परत करून वरचे उरलेले पैसे देऊ लागला. तिनं ते घेतले, आणि त्याला परत यावंच लागणार होतं म्हणून रिक्षाच्या भाड्याचे पाच रुपये बटव्यातून काढून त्याच्या हातावर ठेवले. तो नको म्हणत होता. ती ऐकेना.

चार वाजता ती परतली तेव्हा शटरपाशी सात-आठ माणसं अजून थांबलेली होती. सालेहानं शटर वर केलं. पहिला पुढे आला आणि सेलच्या फलकाकडे बोट दाखवत घाईघाईनं म्हणाला, "भाभी, फियाटची क्लचप्लेट, दहा टक्केवाली."

जुबैदानं हात पुढे केला.